निर्भयला मारायचा हुकूम

माझ्या हातून कागदावर जेवढी माणसं मेली, तेवढी एखाद्या साथीतसुद्धा मेली नसतील. तस्कर मेले, दगाबाज खलाशी मेले, हिऱ्यांसाठी सख्ख्या भावाला समुद्रात ढकलणारा एक जमीनदार तर मी वेगवेगळ्या कादंबऱ्यांत नाव बदलून पुन्हा पुन्हा मारला. त्यांच्यातल्या एकाचंही मला कधी वाईट वाटलं नाही. पण एका माणसाला मारायचा हुकूम पुण्याहून आला, आणि माझा हात अडला. तो माणूस म्हणजे कप्तान निर्भय.

या अंकाच्या संपादकांनी मला 'आपला लेखनप्रवास सांगा' असं कळवलंय. प्रवास कसला? मी जालन्यात एकाच खुर्चीवर बसून होतो. फिरला तो निर्भय. अरबी समुद्र, मलाक्का, आफ्रिकेचा किनारा, सगळीकडे तोच जाऊन आला. तेव्हा प्रवास बाजूला ठेवतो आणि त्या हुकमाची हकिगत सांगतो.

आजच्या वाचकाला 'धडाडी' मासिक माहीत असायचं कारण नाही. पिवळट पातळ कागद, मुखपृष्ठावर उसळती लाट, लाटेच्या वर पिस्तूल आणि पिस्तुलाच्या मागे एखादी घाबरलेली बाई. कथेत बाई नसली तरी मुखपृष्ठावर असायचीच. दर महिन्याला आत एक संपूर्ण साहसकथा, म्हणजे छोटी कादंबरीच. बस स्टँडवर आणि रेल्वेच्या स्टॉलवर ती विकली जायची, पण तिचे खरे वाचक वाचनालयातले. एक प्रत भाड्यानं फिरून फिरून अशी मऊ व्हायची की शेवटच्या वाचकाला ती रुमालासारखी घडी करून खिशात ठेवता यायची. मी जिनिंग फॅक्टरीत काट्यावर कारकून होतो. पहिल्या काही कथा कापसाच्या गाड्या येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात लिहिल्या. पुढं मागणी वाढली आणि मी काटा सोडला.

हा धंदा बाहेरून वाटतो तसा नाही. लोकांना वाटतं, सुचलं की लिहायचं. आम्हाला सुचायची वाट बघायची सोय नव्हती. मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा पानं पडतात, त्याला फर्मा म्हणतात. कथा शेवटच्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर संपलीच पाहिजे. दोन ओळी जास्त झाल्या की पुण्याहून निरोप यायचा, "एक खलाशी कमी करा." मी करायचो. पहिल्या पानावर कुणीतरी पळत असलं पाहिजे. तो का पळतोय हे नंतर सांगितलं तरी चालतं. प्रकरण संपताना एक दार बंद झालं पाहिजे, आणि पुढच्या प्रकरणात ते दार सोडून दुसरीकडूनच वाट उघडली पाहिजे. वादळं मात्र सढळ हातानं घालावीत. सिनेमावाल्याला वादळाचा खर्च येतो, लेखकाला येत नाही.

समुद्र मी पाहिलेला नव्हता. घाणेवाडीच्या तलावाकाठी वारा सुटला की मी जाऊन बसायचो आणि समोरचा काठ डोळ्यांनी पुसून टाकायचो. उरला तो समुद्र. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकावर बोट ठेवून निर्भयचं जहाज हाकायचो. पुढं कित्येक वर्षांनी खरा समुद्र पाहिला. चांगला होता. पण माझा जास्त खवळायचा.

पहिली कथा स्वीकारली तेव्हा 'धडाडी'चे मालक आणि संपादक वसंतराव यांनी मला पुण्याला बोलावून घेतलं. गोरे, नीटनेटके, बोलणं तोलून मापून.

"वाहुळे, कथा झकास आहे," ते म्हणाले. "पण साहसकथेवर दौलत वाहुळे हे नाव… म्हणजे टोपणनाव घेतात आमचे लेखक. एखादं भारदस्त."

"आमच्या आडनावाचे लोक साहस करत नाहीत का, साहेब?" मी विचारलं.

आवाज चढवला नव्हता. पण आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून शिकलेलं एक वाक्य होतं, की आपलं नाव आपण झाकायचं नाही. वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. "छापू. आहे तेच छापू," म्हणाले. मग कथेकडं बघत, "आणि या तुमच्या निर्भयचं आडनाव काय?"

"त्याला आडनाव नाही."

"असं कसं?"

"आडनाव दिलं की तो कुणाचा ते कळतं. कळलं की बाकीच्यांचा राहत नाही."

हे मात्र त्यांना लगेच पटलं, कारण त्यात खप होता. आणि झालंही तसंच. पुढं टेंभुर्णीच्या एका गुरुजींनी निर्भय आपल्याच जातीचा असल्याचं मला सप्रमाण कळवलं. मंठ्याच्या एका कापडवाल्याला तो खानदानी मुसलमान वाटत होता, फक्त लेखकानं ते उघड केलं नव्हतं. मी दोघांनाही 'आपला अंदाज चुकीचा म्हणवत नाही' असं उत्तर दिलं.

पहिला अंक हातात पडला तो वडिलांकडं घेऊन गेलो. ते रेल्वेत गँगमन होते, रुळांवर उभं आयुष्य गेलेलं. वाचता यायचं नाही, पण आमच्या आडनावाचं वळण ओळखीचं होतं. त्यांनी मुखपृष्ठ हातभर लांब धरलं, बराच वेळ बघितलं.

"नाव बारीक छापलंय," ते म्हणाले. "बंदूक केवढी मोठी काढलीय. लिव्हलं कुणी, तू का बंदुकीनं?"

तेव्हापासून दर अंक आला की मी आधी नाव आणि बंदूक यांची मापं बघायचो. वडील असेपर्यंत नाव बंदुकीएवढं झालं होतं, हे सांगायला मला आजही छाती फुगवावीशी वाटते.

माझी पहिली वाचक म्हणजे माझी बायको शांता. ती कौतुक करायची नाही, प्रश्न विचारायची. एकदा हस्तलिखित खाली ठेवून म्हणाली, "ह्यो माणूस बेटावर जाऊन आला, मारामारी केली, पोहून आला, अन् जेवला कव्हा?" तिचं बरोबर होतं. निर्भय बिचारा कथा सुरू झाल्यापासून उपाशी होता. पुढच्या कथेपासून मी त्याला जेवू घालायला लागलो. तस्करांच्या तळावर तो लपून बसतो आणि त्यांचीच भाकरी खातो, हा प्रसंग लोकांना पिस्तुलापेक्षा जास्त आवडला.

अशी बरीच वर्षं मजेत गेली. मग घराघरांवर केबलच्या तारा आल्या. जो माणूस रात्री अंक घेऊन आडवा व्हायचा तो टीव्हीपुढं बसायला लागला. वाचनालयांची एकेक करून कॅसेटची दुकानं झाली. 'धडाडी'ची पानं कमी झाली, कागद आणखी पिवळा झाला. आणि एके दिवशी समोरच्या मेडिकलवर माझ्यासाठी फोन आला.

"वाहुळे, निर्भयला मारा," वसंतराव म्हणाले.

मला वाटलं लाइन खराब आहे. "काय म्हणालात?"

"दिवाळीच्या अंकात मारा. मोठी खळबळ होईल. अंक हातोहात जाईल. जाहिरात आम्ही या अंकाच्या शेवटच्या पानावर देतोय. 'पुढील अंकात – निर्भयचा अंत'. मुखपृष्ठही छापायला टाकलंय."

"आणि दिवाळीनंतर?"

"नंतर नवा नायक काढू. तरुण. मोटारसायकलवाला."

मी म्हटलं, मला जमणार नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाही मारलंत तर इथं दुसऱ्याकडून मारून घेईन. नाव मासिकाचं आहे, तुम्ही सही केलेली आहे. मला वाटलं, तुमच्या हातून गेलेला बरा."

खरं होतं. सही होती. त्या काळी आम्ही सगळेच करायचो. एरवी कथा अंकातच संपायची, पण त्या महिन्याची दिवाळी अंकात पुरी व्हायची होती. तिच्या शेवटी निर्भय समुद्रातल्या गुहेत शिरलेला होता, बाहेर भरती चढत होती आणि गुहेच्या तोंडावर दरड कोसळली होती. मी ते पुढच्या अंकात त्याला बाहेर काढायच्या हिशेबानं लिहिलं होतं. आता फक्त काढायचं नव्हतं. एवढं सोपं काम.

मी बसलो. लिहायला लागलो. घरात चाललेला तो प्रकार शांताच्या लक्षात आला. ती काही वेळ दारात उभी राहिली आणि म्हणाली, "घरात मयत करायची असंल तर बाहेर जाऊन लिव्हा." मी खरंच बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पाणी निर्भयच्या छातीपर्यंत आलं. गळ्यापर्यंत आलं. तिथं माझं गाडं थांबलं. मी इतकी वर्षं त्या माणसाला गळ्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. शेवटचं पान तसंच राहिलं.

जाहिरातीचा अंक बाजारात आला, आणि त्याच आठवड्यात वडीगोद्रीकडच्या शिवारात विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळल्याची बातमी आली. दोन माणसं खाली अडकली होती, आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर जिवंत निघाली. बातमी मी वाचली आणि पेपर बाजूला ठेवला. माझा तिच्याशी काही संबंध आहे हे मला माहीत नव्हतं.

नंतर एका सकाळी दारात एक माणूस आला. अंगाला ओरखडे, कपाळावर पट्टी, हातात टोपी.

"रायटरसाब हैत का? निर्भयवाले?" त्यानं विचारलं.

"मीच."

"मी जब्बार. वडीगोद्रीचा. त्या विहिरीत आम्हीच होतो, मी अन् लक्ष्मण." तो आत आला, पण खुर्चीवर बसेना. "सर, एक बात विचारायची व्हती. त्या गुहेतून निर्भय बाहेर कसा येतो?"

मी त्याला बसवलं, शांतानं चहा ठेवला, आणि मग त्यानं जे सांगितलं ते असं.

लक्ष्मण आणि तो दोघंही विहीर खोदायच्या कामावरचे. वर यारी लावलेली असते, म्हणजे माती-दगड वर ओढणारं मशीन. तिच्या दोराला लोखंडी बकेट असते. विहीर बरीच खोल गेलेली, बांधकाम व्हायचं बाकी. एका अंगाची दरड सुटली. बकेट त्या वेळी खालीच होती, ती आडवी होऊन कडेला टेकली आणि तिच्या आडोशाला दोघं वाचले. जब्बारला खरचटलं. लक्ष्मणचा पाय बकेटीच्या काठाखाली सापडला, आणि वर माती. खोदायचं मोठं मशीन जवळ आणलं तर उरलेली दरडही बसेल, म्हणून वरचे लोक घमेल्यांनी माती काढत होते. आवाज यायचा, माणसं दिसायची नाहीत.

"लक्ष्मणला गुंगी येऊन राह्यली व्हती, सर. झोपला की गेला, एवढं मला कळत व्हतं. मंग काय करावं? दुपारच्या सुट्टीत मी त्याला तुमची कथा वाचून दाखवत असतो, त्याला वाचाया जमत न्हाई. मंग मी तीच सुरू केली. पहिल्यापासून. अडलं की त्यालाच विचारायचो, बोल, त्या जमीनदाराचं नाव काय व्हतं? तो शिवी द्यायचा अन् नाव सांगायचा. असं करत करत आम्ही गुहेपर्यंत आलो. अन् अंक तिथंच खतम!"

"मग?"

"तो म्हणे, पुढं सांग. आता शेवटच्या पानावर तुम्ही छापलेलं, निर्भयचा अंत. ते मी त्याला कसं सांगू, तसल्या जागी? मी म्हटलं, वाचलंय मी पुढचं. अन् मनानं सांगितलं."

"काय सांगितलंस?"

जब्बार जरा लाजला. "एक मोठा मासा येतो म्हटलं. त्याला पाठीवर घेऊन जातो."

मासा! माझ्या कथेत! इतकी वर्षं मी एकही गोष्ट चमत्कारानं सोडवली नव्हती, त्याचा मला अभिमान होता. पण समोरच्या माणसाच्या कपाळावरची पट्टी बघून मी म्हटलं, "चांगलं केलंस."

"चांगलं कुठलं, सर. त्याला शक आला." तो पुढं सरकला. "आता तो जालन्यात दवाखान्यात हाय. पाय सडून राह्यला. डॉक्टर म्हणतात काढा, न्हाई तर माणूस जाईल. अन् तो काढू देत न्हाई. बायकोचं ऐकत न्हाई, माझं ऐकत न्हाई. म्हणतो लंगडा होऊन जगण्यापरीस त्या विहिरीतच बरा व्हतो. मधीच विचारतो, निर्भयचं खरं काय झालं? मी म्हटलं, ज्यानं लिव्हलं त्यालाच घेऊन येतो."

मी चपला घातल्या. शांता म्हणाली, "थांबा, मी पण येते."

लक्ष्मण खाटेवर पडला होता. तिशीचा असेल, रुंद हाडाचा, पण चेहरा राखेसारखा झालेला. पायावर पांघरूण. उशाशी त्याची बायको रुक्मिण बसलेली, तिच्या डोळ्यांतलं पाणी संपलेलं दिसत होतं. जब्बारनं माझी ओळख करून दिली. लक्ष्मणनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. माझा ढिला बुशकोट आणि जाड चष्मा बघून त्याची निराशा झाली असावी.

"तुम्हीच का?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही जहाजावर असता."

"मी इथंच जालन्यात असतो, काद्राबादेत."

"ते माशाचं खरं हाय का?"

जब्बारनं मान खाली घातली.

"नाही," मी म्हटलं.

"मला ठाऊक व्हतं. पटलंच न्हाई मला. पण बोललो न्हाई. म्हटलं, बिचारा जीव तोडून सांगून राह्यला." त्यानं उशीवरून मान उचलली. "मंग खरं काय? मेला का?"

आयुष्यात मी पुष्कळ कथा घाईत लिहिल्या, पण इतक्या घाईत कधी नाही. घरी ओट्यावर निर्भय गळ्याइतक्या पाण्यात उभा होता. माझ्यासमोर हा माणूस. रुक्मिण माझ्याकडं बघत होती.

"मेला नाही," मी म्हटलं. "पण तो सबंध बाहेर आला नाही."

"म्हंजे?"

"दरड पडली तेव्हा त्याचा पाय खाली सापडला होता. ते मागच्या अंकात सांगायचं राहिलं. साथीदारांनी दगड फोडून त्याला काढला, जहाजावर नेला. जहाजावरचा डॉक्टर म्हणाला, पाय ठेवला तर माणूस जाईल."

लक्ष्मणनं पायावरच्या पांघरुणाकडं बघितलं.

"मंग निर्भय काय म्हणला?"

"शिव्या दिल्या त्यानं डॉक्टरला. दोन दिवस कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग म्हणाला, काढा."

लक्ष्मण छताकडं बघत राहिला. "अन् मंग पुढं? एका पायाच्या कप्तानाला कोण इचारतं?"

"पुढच्या अंकात तो त्याच जहाजावर आहे."

"जहाज कसं चालवतो?"

"जहाज पायांनी चालवत नाहीत, लक्ष्मण. हातांनी चालवतात आणि डोक्यानं."

तो माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत संशय होता, आणि संशयाच्या मागं काहीतरी हललं होतं. "मला बरं वाटावं म्हणून सांगून राह्यले का तुम्ही?"

"छापून आणतो. तुझ्या हातात अंक देतो. मग तर खरं?"

त्यानं जब्बारकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. शेवटी रुक्मिणला म्हणाला, "डॉक्टरला बोलीव."

बाहेर आल्यावर भान आलं. शब्द देऊन बसलो होतो, आणि पुण्यात 'निर्भयचा अंत' असं मुखपृष्ठ छापून तयार होतं. घरी आल्या आल्या शांतानं ओट्यावरचे कागद उचलले. ते तिनं बंबात घातले. त्या दिवशी पाणी लवकर तापलं.

मुखपृष्ठ बदलता येणार नव्हतं. मग ते खरं करायचं. इतक्या वर्षांचं कसब इथं कामाला आलं. पहिल्याच पानावर बंदरात पेपरवाला ओरडत पळतोय, "निर्भयचा अंत! निर्भयचा अंत!" बातमी दुश्मनांनी पेरलेली. सगळा समुद्र समजतो की निर्भय मेला, आणि त्या बातमीच्या आडोशाला तो जहाजाच्या तळघरात पडून एका पायावर उभं राहायला शिकतोय. लेखणी अशी पळाली की मला तिच्यामागं धावावं लागलं. लक्ष्मणचं ऑपरेशन नीट झाल्याचं जब्बारनं येऊन सांगितलं तेव्हा मी शेवटच्या फर्म्यात होतो.

पोस्टावर भरवसा ठेवला नाही. एसटीनं पुण्याला गेलो आणि हस्तलिखित वसंतरावांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी माझ्यासमोर वाचायला घेतलं. मधेच एकदा हसले, पेपरवाल्यापाशी. मग हसणं थांबलं.

वाचून झाल्यावर म्हणाले, "वाहुळे, मी मारायला सांगितलं होतं."

"मुखपृष्ठाला धक्का लावलेला नाही, साहेब."

"ते पाहिलं मी. हुशारी आहे. पण लंगडा नायक? लोक बेचव जगण्यातून सुटायला आपली कथा वाचतात हो. पाय कापायलाच पाहिजे का?"

"कापला, साहेब," मी म्हटलं. "जालन्याच्या दवाखान्यात. मागच्या गुरुवारी."

आणि मी त्यांना सगळं सांगितलं. विहीर, बकेट, मासा, सगळं. वसंतरावांबद्दल मी इतर ठिकाणी तक्रारीही केल्या आहेत, पण त्या दिवशीचा माणूस मला विसरता येत नाही. ते उठून खिडकीपाशी गेले. तिथूनच, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या महिन्यात त्याला मारामारी जमली पाहिजे."

"जमेल."

"मोटारसायकलवाला मग राहू द्या सध्या."

अंक छापून आला तो मी स्वतः दवाखान्यात नेला. लक्ष्मणनं तो उलटापालटा करून बघितला आणि जब्बारच्या हातात दिला. "वाच," म्हणाला, "अन् मनाचं घालू नको."

त्यानंतरचा निर्भय हे माझं सगळ्यात चांगलं काम. हे मी कुणाला विचारून म्हणत नाही. आधीचा निर्भय काहीही करायचा, भिंतीवरून उडी, डोलकाठीवरून उडी, मला विचार करावा लागत नव्हता. आता दर हालचालीचा विचार करावा लागायचा. लक्ष्मणला कृत्रिम पाय बसवला तेव्हा मी बरोबर होतो. तो चालायला शिकला तेव्हा मी शेजारी बसून बघत होतो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा पाय आधी. पट्टा सैल असला की मांडीला घासतं. ओल्या फरशीवर काय होतं. ते सगळं निर्भयच्या वाट्याला आलं. मारामारीत तो आता आधी पाठ टेकायला भिंत शोधायचा, आणि वाचक श्वास रोखायचा. काही वाचक रागावले, काही सोडून गेले. पण जे आले ते टिकले, आणि 'धडाडी' मरता मरता आणखी काही वर्षं जगली.

शेवटी बंद पडलीच. वसंतराव गेले, छापखाना विकला. आज माझ्या कादंबऱ्या कुठल्याही ग्रंथालयात मिळत नाहीत. तो कागद टिकणारा नव्हता, आणि टिकण्यासाठी आम्ही लिहीतही नव्हतो. साहित्याच्या चर्चेत आमचं नाव येत नाही, त्याची रुखरुख कधीतरी लागते. एकदा मोंढ्यात फुटाणे घेतले तर पुडी माझ्याच कथेच्या पानाची. मी फुटाणे खिशात ओतले आणि पान उभ्या उभ्या वाचलं. चांगलं होतं. पुढचं पान मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "आणखी फुटाणे घ्यावे लागतील." घेतले.

गेल्या उन्हाळ्यात जब्बारचा फोन आला. तो आता विहिरींची कामं स्वतः घेतो, आणि त्याच्या यारीवर लक्ष्मण असतो. मंठ्याच्या बाजूला एका शेतात खोदकाम चालू होतं. "पाणी लागलंय, सर. बघाया या," तो म्हणाला. मी आणि शांता गेलो.

लक्ष्मण यारीच्या दांड्यापाशी उभा होता. केस पिकलेत आता, पण खांदे तसेच. त्यानं मला नमस्कार केला आणि बकेटीकडं हात केला. "सर, उतरता का?"

जब्बार हसला. शांता म्हणाली, "काही नको. वय बघा." मी काठावरून आत बघितलं. मला वाटलं, नाही म्हणावं. आणि मी बकेटीत चढलो.

मी आयुष्यभर लिहीत आलोय की त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. माझ्या चेहऱ्यावर भरपूर होता. दोर करकरला, जमीन वर सरकली, शांताचा चेहरा आभाळात गेला. मी दोन्ही हातांनी काठ धरला होता. पिवळी माती गेली, मुरूम गेला, काळा खडक आला. हवा गार झाली. मग बकेट हलकेच टेकली आणि मी पाय बाहेर टाकला. घोट्याइतकं पाणी होतं. खडकाच्या एका फटीतून ते येत होतं, न थांबता, आवाज न करता. ओंजळ लावून प्यायलो. त्याला दगडाची चव होती.

वर बघितलं. थाळीएवढं आभाळ आणि त्यात एक डोकं.

"सर, भ्या वाटून राह्यलं का?" लक्ष्मणचा आवाज भिंतींवर आपटत खाली आला.

"वाटून राह्यलं!" मी ओरडलो.

"घेऊ का वर?"

मी फटीवर हात ठेवला. पाणी बोटांमधून पुढं चाललं होतं.

"थांब जरा," मी म्हटलं. "बघू दे."